नऊ ओळींची मेन क्लास

आमच्या प्रत्येक सर्व्हिसच्या रेपॉझिटरीत एक फाइल अशी आहे, की ती उघडली की नवीन माणूस सवयीने खाली स्क्रोल करायला जातो आणि खाली काहीच नसतं. पॅकेजचं नाव, दोन इम्पोर्ट, स्प्रिंगबूटॲप्लिकेशन हे ॲनोटेशन, क्लासचं नाव, मेन मेथड, तिच्यात स्प्रिंगॲप्लिकेशनच्या रन मेथडला एक हाक, आणि दोन महिरपी कंस. कोऱ्या ओळी सोडल्या तर नऊ ओळी. पावत्यांची सर्व्हिस असो, केवायसीची असो की एसएमएस पाठवणारी असो, ही फाइल सगळीकडे सारखी. फरक असेल तर पॅकेजच्या आणि क्लासच्या नावाचा.

मी पुण्यातल्या एका कंपनीत प्लॅटफॉर्म टीममध्ये आहे. धंद्याचं काम इतर टीम्स करतात. त्या सगळ्यांना लागणारं जे जे सामाईक आहे, ते एका जागी नीट बांधून देणं हे आमचं काम. लॉगिनचं टोकन तपासायचं, आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला ओळख-क्रमांक लावून तो लॉगच्या शेवटच्या ओळीपर्यंत न्यायचा, काही चुकलं तर उत्तर एकाच साच्यात द्यायचं, डेटाबेसच्या जोडण्यांना मर्यादा घालायची, हेल्थ चेकला खरं उत्तर द्यायचं, आणि सर्व्हिस बंद करायचा निरोप आला की हातातल्या रिक्वेस्ट संपवूनच बंद व्हायचं. हे सगळं त्या नऊ ओळींच्या मागे असतं. त्या नऊच्या दहा होऊ नयेत म्हणून मी जितकं भांडले आहे, तितकं नोकरीत दुसऱ्या कशासाठीही भांडलेले नाही. फाइल देखणी दिसावी म्हणून हा हट्ट आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

जावाच्या वेब ॲप्लिकेशनला स्वतःची मेन मेथड असणं ही तशी अलीकडची गोष्ट. आधी मेन टॉमकॅटची किंवा वेबलॉजिकची असायची. आपण वॉर फाइल बांधून तिथे नेऊन ठेवायची आणि कोणता सर्व्हलेट कुठे बसवायचा ते वेब.एक्सएमएलमध्ये लिहून द्यायचं. २००९ च्या डिसेंबरमध्ये सर्व्हलेट ३.० आलं तेव्हा कुठे ती एक्सएमएल ऐच्छिक झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये माइक यंगस्ट्रॉम यांनी स्प्रिंगकडे मागणी नोंदवली, की बाहेरच्या सर्व्हरचं ओझं नको, वेब ॲप्लिकेशन साध्या मेन मेथडमधून उभं करता यावं. त्यातून स्प्रिंग बूट निघालं आणि एप्रिल २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. टॉमकॅट आता आपल्या जारच्या आत येऊन बसला आणि मेन मेथड आपल्या ताब्यात आली.

ताब्यात आली आणि भरायला लागली. प्लॅटफॉर्म उभा करायचं ठरलं तेव्हा आम्ही पहिल्यांदा सगळ्या सर्व्हिसेसच्या मेन क्लास काढून शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एकीत प्रॉक्सीचा पत्ता सिस्टीम प्रॉपर्टीत घातलेला. दुसरीत ट्रस्टस्टोअरचा पाथ, तोही एका जुन्या मशीनवरच्या फोल्डरचा. तिसरीत डेटाबेस जागा होईपर्यंत थांबणारं लूप. चौथीत रेस्टटेम्प्लेटचं बीन, त्याला टाइमआउटच नाही, म्हणजे समोरचा अडकला की आपणही अडकलो. एकीत कॉर्ससाठी सगळ्या डोमेन्सना मोकळं रान, आणि वर कॉमेंट: ‘तात्पुरतं’. हे कुणी आळसाने केलेलं नव्हतं. प्रत्येक ओळीमागे एखादी रात्र होती, एखादं प्रॉडवर बंद पडलेलं काम होतं. पण अशा वेळी हात मेन क्लासकडेच का जातो? ती फाइल कुठल्याच मॉड्यूलची नसते म्हणून. तिथे काहीही लिहिलं तरी ‘हे माझ्या भागात का घातलंस’ असं विचारणारं कुणी नसतं. आणि तिथलं सगळ्यात आधी चालतं, त्यामुळे लिहिलं की उपाय लागू पडतो. तेवढ्यापुरता.

त्यातली एक ओळ जरा जवळून सांगते. पावत्यांच्या सर्व्हिसच्या मेन मेथडमध्ये, रनच्या वर, टाइमझोन आशिया/कोलकाता करणारी ओळ होती. कंटेनर यूटीसीवर चालतात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे, म्हणून कुणीतरी ती घातलेली. वेबपुरतं सगळं ठीक चालत होतं. पण त्याच रेपॉझिटरीत रात्री चालणारा एक बॅच जॉब होता, त्याची मेन क्लास वेगळी, आणि तिच्यात ही ओळ नव्हती. कोड तोच, लोकलडेट.नाऊ हीच हाक, पण दारं दोन. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात बॅचने केलेल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडायची. वर्षभर एखाद्या दिवसाच्या फरकाची कुणाला फिकीर नव्हती. १ एप्रिलला मात्र रात्री बारा चाळीसला झालेली पावती यूटीसीच्या हिशेबात ३१ मार्चच्या संध्याकाळी सात दहाची ठरली, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडली. अकाउंट्सच्या लोकांनी ताळा जुळवताना ते पकडलं.

टेस्टमध्ये हे का सापडलं नाही, यात खरी मेख आहे. स्प्रिंगबूटटेस्ट लावून लिहिलेली टेस्ट मेन मेथड चालवतच नाही. ती ॲनोटेशन असलेला क्लास शोधते आणि त्यावरून स्वतः काँटेक्स्ट उभा करते. मेन मेथड चालव असं टेस्टला सांगायची सोय स्प्रिंग बूट ३.० मध्ये आली, तीही मागितली तरच. म्हणजे रनच्या वर किंवा खाली लिहिलेली प्रत्येक ओळ टेस्टच्या नजरेआड असते. आणि सगळ्यांचे लॅपटॉप भारतीय वेळेवर, त्यामुळे डेव्हलपरच्या टेबलावरही हे कधी दिसलं नाही. आता आमचा प्लॅटफॉर्म क्लॉकचं एक बीन देतो, त्यात झोन ठरलेला. वेळ हवी तर त्याच्याकडूनच घ्यायची. वेब, बॅच, टेस्ट, सगळ्यांना तेच घड्याळ, आणि टेस्टमध्ये ते १ एप्रिलच्या पहाटेवर थांबवूनही ठेवता येतं.

मेन मेथडच्या बाहेर, क्लासच्या डोक्यावर ॲनोटेशन्स चढवण्याचंही तसंच. कुणी जेपीए ऑडिटिंग सुरू करणारं ॲनोटेशन मेन क्लासवर लावलं की फक्त कंट्रोलर तपासणाऱ्या छोट्या टेस्टसुद्धा डेटाबेसचं सगळं मागू लागतात आणि ‘जेपीए मेटामॉडेल मस्ट नॉट बी एम्प्टी’ म्हणून पडतात. मग टेस्ट मोठ्या होतात, मोठ्या म्हणून हळू होतात, हळू म्हणून कुणी चालवत नाही. ते ॲनोटेशन उचलून वेगळ्या कॉन्फिगरेशन क्लासवर ठेवलं की प्रश्न मिटतो. स्प्रिंग बूटच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हाच सल्ला आहे, पण तिथवर वाचायला कुणाला सवड असते?

प्लॅटफॉर्म बांधताना सगळ्यात मोठा विरोध आमच्याच टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी केला. जावा १.४ च्या काळापासूनचे. ते म्हणाले, “तू सगळं दिसेनासं करते आहेस. जे दिसत नाही ते रात्री दोन वाजता दुरुस्त कोण करणार?”

मी म्हटलं, “सर, आत्ता दिसतंय ते तरी दुरुस्त होतंय का? प्रत्येक सर्व्हिसमध्ये वेगळं दिसतंय.”

“वेगळं दिसू दे. निदान शोधलं तर सापडतं.”

त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. मेन क्लास रोडावली म्हणजे काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या जागी जातं. आणि ती दुसरी जागा अंधारात असेल तर आधीचाच पसारा बरा. त्यांच्या त्या प्रश्नामुळे प्लॅटफॉर्मचे नियम ठरले. एक म्हणजे, प्लॅटफॉर्मने दिलेली प्रत्येक गोष्ट प्रॉपर्टीने बंद करता आली पाहिजे. टोकनची तपासणी तेवढी याला अपवाद. दुसरं, सर्व्हिसने स्वतःचं बीन केलं असेल तर प्लॅटफॉर्मने माघार घ्यायची. कंडिशनलऑनमिसिंगबीन हे ॲनोटेशन त्याचसाठी आहे आणि ते विसरलेली एकही पुल रिक्वेस्ट आम्ही आत घेत नाही. तिसरं, सर्व्हिस उठताना प्लॅटफॉर्मने लॉगमध्ये सांगायचं, की मी आवृत्ती अमुक, हे हे लावलं, हे हे लावलं नाही आणि का लावलं नाही. स्प्रिंग बूट --डीबग देऊन चालवलं की कोणतं ऑटो-कॉन्फिगरेशन कोणत्या अटीवर लागलं याचा पूर्ण अहवाल देतं. पण तो अहवाल लांबलचक असतो आणि रात्री दोनला तो वाचायचं त्राण नसतं. म्हणून आमचा छोटा अहवाल वेगळा. तो त्या सहकाऱ्यांनीच लिहिला.

एक मोठा वाद बेस क्लासवरून झाला. आमच्यातल्या काहींना वाटायचं, की प्लॅटफॉर्मने एक ॲप्लिकेशन क्लास द्यावा आणि प्रत्येक सर्व्हिसच्या मेन क्लासने तो एक्स्टेंड करावा. दिसायला सोपं आहे आणि फाइल तितकीच बारीक राहते. मी ठाम नाही म्हटलं. एक्स्टेंड केलं की आमच्या क्लासमधल्या प्रत्येक प्रोटेक्टेड मेथडला सर्व्हिसेस ओव्हरराइड करणार. मग आम्ही त्या मेथडचं नाव बदललं तरी सगळ्यांचे बिल्ड पडणार. सर्व्हिसने प्लॅटफॉर्मचं नावही न घेता त्यावर उभं राहता आलं पाहिजे: पोममध्ये आमचा स्टार्टर एक डिपेंडन्सी म्हणून, आणि कोडमध्ये काहीच नाही. मेन क्लास वाचून ही आमच्या कंपनीची सर्व्हिस आहे हे कळूसुद्धा नये. स्प्रिंग बूट शिकलेल्या कुणालाही ती वाचता यावी.

इथे पॅकेजची एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. काँपोनंट स्कॅन मेन क्लासच्या पॅकेजपासून खाली शोधत जातं. कुणी मेन क्लास कंपनीच्या वरच्या पॅकेजमध्ये ठेवली, तर ते आमच्या प्लॅटफॉर्मच्या क्लासेसमध्येही शिरतं. ऑटो-कॉन्फिगरेशन नेहमी सर्व्हिसच्या बीन्सनंतर पाहिलं जातं, म्हणून तर त्याला माघार घेता येते. स्कॅनमध्ये सापडलेल्या क्लासला तो क्रम लागू होत नाही, आणि माघारीचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून मेन क्लास नेहमी सर्व्हिसच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये. नऊ ओळींतली पहिली ओळ आम्ही रिव्ह्यूत सगळ्यात काळजीने वाचतो ती यासाठी.

सामाईक गोष्टीचं एक दुखणं मात्र कोणत्याही ॲनोटेशनने जात नाही. गावाकडे सामाईक विहिरीचं पाणी पाळी लावून सगळे घेतात, आणि गाळ काढायची वेळ आली की प्रत्येकाचं कुठेतरी लग्न असतं. प्लॅटफॉर्मची नवी आवृत्ती आली की ‘या स्प्रिंटमध्ये जमणार नाही’ हे उत्तर ठरलेलं. डिसेंबर २०२१ नंतर त्यात फरक पडला. शुक्रवार, १० डिसेंबरला लॉगफोरशेलची बातमी सगळीकडे पोचली होती. लॉगमध्ये लिहिलेल्या एका मजकुराच्या जोरावर बाहेरच्या माणसाला आपल्या सर्व्हरवर त्याचा कोड चालवता येत होता. गंभीरतेच्या मापावर दहापैकी दहा. स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक वापरतं, त्यामुळे प्लॅटफॉर्मवरच्या बहुतेक सर्व्हिसेसना थेट धोका नव्हता. लॉगफोरजे-एपीआयची जार मात्र सगळ्यांत होती. ती निरुपद्रवी, पण स्कॅनर तिच्यावरही लाल खूण करत होते. जिथे कुणी लॉगफोरजे-कोअर घेतलं होतं, तिथे आवृत्ती एका जागी बदलून बिल्ड पुन्हा चालवायचे होते. २.१५.० आली, मागोमाग २.१६.०, मग २.१७.०, आणि वर्ष संपता संपता २.१७.१. प्रत्येक वेळी बदल एका ओळीचा, आमच्या बॉमच्या फाइलमध्ये. प्लॅटफॉर्मवर न आलेल्या जुन्या वॉर फाइल्स मात्र एकेक उघडून, जारच्या आतली जार शोधत बसावं लागलं. दोन्हींसाठी शनिवार-रविवार गेला, पण एका बाजूची माणसं रविवारी दुपारी घरी जेवली.

पुढच्याच मार्चमध्ये, ३१ तारखेला, स्प्रिंगफोरशेल. त्याचा जो हल्ला उघड झाला होता तो लागू व्हायला जेडीके ९ किंवा पुढचं आणि टॉमकॅटवर वॉर म्हणून डिप्लॉय केलेलं ॲप्लिकेशन लागत होतं. स्वतःच्या मेनमधून उठणाऱ्या जारला तो लागू नव्हता. तरीही स्प्रिंग ५.३.१८ वर सगळ्यांना नेलंच, कारण एक वाट उघड झाली म्हणून दुसरी नसेलच असं धरून चालता येत नाही. ‘वॉर कधी सोडताय’ हा प्रश्न मला त्यानंतर कुणाला पुन्हा विचारावा लागला नाही.

बारीक दाराचा सगळ्यात मोठा धोका आम्हाला स्प्रिंग बूट ३ वर जाताना समोर दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं: जावा १७ सक्तीचं, आणि जावाएक्सने सुरू होणारी सर्व्हलेट, जेपीए वगैरेंची पॅकेजेस आता जकार्ता नावाखाली. सर्व्हिसेसच्या शेकड्यांनी फाइल्समधले इम्पोर्ट बदलले. मेन क्लासमधलं एक अक्षरही बदललं नाही. याचं मला समाधान वाटत होतं, तेवढ्यात प्लॅटफॉर्मच्या बिल्डमधली एक टेस्ट लाल झाली. टोकन न देता रिक्वेस्ट पाठवायची आणि ४०१ हेच उत्तर आलं पाहिजे, एवढंच ती पाहते. उत्तर आलं होतं २००.

कारण असं, की ऑटो-कॉन्फिगरेशनची यादी आधी स्प्रिंग.फॅक्टरीज या फाइलमध्ये लिहायची असे. २.७ ने त्यासाठी ऑटोकॉन्फिगरेशन.इम्पोर्ट्स या शेवटाची नवी फाइल आणली, आणि ३.० ने जुन्या फाइलमधली ती यादी वाचणं बंद केलं. आमच्या एका मॉड्यूलची यादी अजून जुन्या फाइलमध्येच होती. एरर नाही, इशारा नाही. सर्व्हिस छान उठली, हेल्थ चेक हिरवा, आणि टोकन तपासणारा आमचा फिल्टर जागेवर नाही. जाड मेन क्लासमध्ये हे होत नाही. तिथे क्लास सापडला नाही तर कंपायलर ओरडतो. नऊ ओळींच्या मागून प्लॅटफॉर्म निघून गेला तर त्या नऊ ओळींना पत्ताही लागत नाही. त्या संध्याकाळीच आम्ही ती टेस्ट प्रत्येक सर्व्हिसच्या साच्यात घातली. ती त्या सर्व्हिसच्या स्वतःच्या रेपॉझिटरीत राहते, प्लॅटफॉर्ममध्ये नाही, कारण पहारेकरी प्लॅटफॉर्मबरोबरच निघून गेला तर उपयोग काय?

दुसऱ्या बाजूनेही लक्ष ठेवावं लागतं, कारण दार बारीक ठेवताना आतली खोली फुगत जाते. एकदा दोन-तीन टीम्सनी मागितलं, की जीएसटीचा हिशेब सगळ्यांनाच लागतो तर तो प्लॅटफॉर्ममध्येच द्या. आम्ही नाही दिला. जुलै २०१७ पासून त्या दरांत किती वेळा फेरफार झाले आहेत ते कुठल्याही व्यापाऱ्याला विचारावं; दर बदलला म्हणून एसएमएसच्या सर्व्हिसने पुन्हा डिप्लॉय का व्हावं? ती वेगळी लायब्ररी झाली, ज्याला हवी त्याने घ्यावी. पावती म्हणजे काय हे प्लॅटफॉर्मला माहीत असता कामा नये. हा नियम आम्ही आजवर मोडू दिलेला नाही.

गेल्या बॅचमध्ये सोलापूरहून आलेल्या एका मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, “मॅडम, यात तर काहीच नाहीये. मग चालतं कसं?” हा प्रश्न न विचारता जी मुलं पुढे जातात त्यांची मला जास्त काळजी वाटते. मी त्याला म्हटलं, “अरे, रनवर ब्रेकपॉइंट लाव आणि आत जा. संध्याकाळपर्यंत मला सांग, टोकन कुठे तपासलं जातं आणि त्याच्या आधी काय काय होतं.” तो पाचच्या सुमारास आला, वहीत फिल्टर्सचा क्रम लिहून: आधी ओळख-क्रमांक, मग लॉग, मग टोकन. आणि त्याने विचारलं, “टोकन चुकलं तरी लॉगमध्ये ओळख-क्रमांक यावा म्हणून तो आधी आहे ना?” बरोबर. हा क्रम आम्ही कितीतरी बैठकांनंतर ठरवला होता. त्याला तो एका दुपारी वाचता आला. प्लॅटफॉर्म चांगला आहे की नाही हे ठरवायला माझ्याकडे याहून चांगली कसोटी नाही. आणि असं कळत नसेल, तर टीमने बिनदिक्कत सगळं मेन क्लासमध्ये लिहावं, असंच मी म्हणेन.

तुम्ही जावात काम करत असाल तर उद्या ऑफिसात आपल्या सर्व्हिसची मेन क्लास उघडून बघा. रनच्या वर आणि खाली जी जी ओळ असेल ती कुणी, कशासाठी लिहिली ते गिटच्या इतिहासात शोधा आणि तिला टेस्ट पोचेल अशा जागी हलवा. आणि तुमची मेन क्लास आधीच नऊ ओळींची असेल, तर टोकन नसलेली एक रिक्वेस्ट पाठवणारी टेस्ट तुमच्या रेपॉझिटरीत आहे का ते पाहा. नसेल तर बाकीचं काम बाजूला ठेवून ती आधी लिहा.